भागीआजीची मेढ

रूथ,

तुझ्या स्मरणसभेत पाळकसाहेबांनी मला बोलायला पाच मिनिटं दिली होती आणि मी दीड मिनिटात खाली बसले. रूथ मेहनती होती, हसतमुख होती, तरुण संघाचा आधार होती, असं काहीतरी म्हणाले. हसतमुख! कामावर असताना तुझ्या कपाळावर ज्या आठ्या पडायच्या त्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांनी तिथेच माना खाली घातल्या. तू असतीस तर मागच्या बाकावरून मुद्दाम खोकली असतीस. मी घरी आले, चपला काढल्या, परत घातल्या आणि गंगापूर रोडवर विनाकारण चालत सुटले. तेव्हापासून हेच चाललंय. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की जायचं कुठे ते कळत नाही. आई म्हणते, अगं किती येरझाऱ्या घालशील, फरशी झिजेल.

तुझ्याबद्दल काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते सांगायचं तर आधी स्वतःबद्दल सांगावं लागलं असतं, आणि समोर अख्खी मंडळी पांढऱ्या कपड्यांत बसलेली. तुझे पपा पहिल्या बाकावर. मला जमलं नाही. म्हणून आता लिहितेय, शाळेच्या ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदांवर. काल जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तर सुरुवात मे महिन्यापासून करते. तुला सगळं माहीत आहे, पण मला माझ्या तोंडून ऐकायचंय.

हरसूलच्या बाजूला वादळ झालं, पत्रे उडाले, कौलं फुटली, तेव्हा मंडळीत सगळे हळहळले आणि कपड्यांची गाठोडी गोळा करायला लागले. तू उपासना संपल्यावर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "त्यांच्या डोक्यावर छप्पर नाहीये आणि आपण त्यांना जुने स्वेटर पाठवतोय." झालं. तरुण संघाची मीटिंग त्याच दुपारी. तरुण संघ म्हणजे आपण बाराजण, त्यातले पाच तिशीच्या पुढचे, आणि तरुण कशाला म्हणायचं यावर दरवर्षी वाद. तू अंबडच्या शेडमध्ये पपांच्या जागी फॅब्रिकेशन सांभाळणारी, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी हातावर बारीक डाग पडलेली. मी सेक्रेटरी. माझ्याकडे याद्या. कोण कुठल्या गाडीत, कुणाचा डबा कुणाकडे, पहिल्या दिवशी काय, दुसऱ्या दिवशी काय. तू म्हणालीस, "शिबे, तुझ्या यादीत पाऊस कधी येणार तेही लिहून ठेव."

मी बॅनर छापून घेतला होता, आठवतं? संघाचं नाव, खाली वचन, कोपऱ्यात कबुतर. मला वाटलं, फोटो छान येतील, दुसऱ्या मंडळ्यांतली मुलंही पुढे येतील. तू तो गुंडाळलेला बॅनर पाहिलास आणि तिथे पोचल्यावर सिमेंटच्या गोण्यांवर अंथरलास, छापलेली बाजू खाली. मी केवढी चिडले. प्रार्थनेवरूनही तेच. मी म्हणत होते की काम सुरू करताना अंगणात गोल करून उभं राहू. तू म्हणालीस, "प्रार्थना गाडीत. उतरल्यावर फक्त काम. त्यांना वाटायला नको की छपरासोबत आणखी काही घ्यावं लागणार आहे." मी म्हणाले, आपण प्रभूला लपवायचं का? तू म्हणालीस, "लपवत नाहीये. मिरवत नाहीये." तो वाद आपण संपवलाच नाही. मला अजूनही वाटतं की तू थोडी जास्तच भीत होतीस. आणि हेही वाटतं की बरोबर होतीस. आता दोन्ही वाटतं आणि भांडायला समोर कोणी नाही.

पण ते पहिले चार दिवस काय भारी होते गं! मला शिडीवर चढायची भीती वाटते हे तुला रविवारच्या शाळेपासून माहीत. तिथे नाताळचा तारा लावायला सुद्धा मी कधी वर गेले नाही. तू माझी ओढणी कमरेला आवळून बांधलीस, मागून चढलीस आणि म्हणालीस, "पडलीस तर माझ्यावर पडशील, मी जाडी आहे." वर गेल्यावर तू मला जे-हूक आवळायला शिकवलंस. हाताने फिरवायचं, मग पान्याने दोन आटे, जास्त नाही, नाहीतर पत्रा चेपतो. मी पहिला हूक लावला आणि वरून सगळीकडे पाहिलं. डोंगर, खाली नागलीची मोकळी वावरं, भांडी घासणारी एक बाई. मी ओरडले, "रूथ, मी छपरावर आहे!" तू म्हणालीस, "मग उतरू नकोस, अजून चाळीस लावायचेत." त्या छपरावर मी जितकी खूश होते तितकी गेल्या कित्येक वर्षांत नव्हते. हे मी तुला सांगितलं नाही. तू फुशारली असतीस.

पाचव्या दिवशी भागीआजीच्या घराची पाळी आली.

आजी सत्तरीची, तिचा मुलगा काशिनाथ, सून आणि दोन नातवंडं. कुडाच्या भिंती अर्ध्या उभ्या होत्या, छप्पर पार गेलेलं. तू आधीच माप घेऊन पाइपचा सांगाडा शेडमध्ये तयार करून आणला होतास. पाळकसाहेबांनी निघताना बजावलं होतं की कुणाच्या देवाला हात लावू नका, मान राखा. आणि आपण ते किती मनावर घेतलं होतं! आजीच्या भिंतीतल्या फळीवर चांदीचे टाक होते, कसलासा दगड होता शेंदूर लावलेला. ते मी स्वतः नव्या टॉवेलात गुंडाळून, दोन्ही हातांनी धरून शेजारच्या घरात नेऊन ठेवले. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. म्हटलं, बघा, आम्ही किती जपतो.

घराच्या मधोमध एक जुना खांब होता. वर बेचकी, चुलीच्या धुराने काळा कुळकुळीत, खालच्या बाजूला वाळवीने खाल्लेला. त्यावर कुंकू नाही, फूल नाही, काही नाही. नुसतं लाकूड. तू हूक कमी पडले म्हणून हरसूलला निघालीस. जाताना म्हणालीस, "मधल्या मेढीचं आजीला विचारून घे गं. ती पाण्याला गेलीये, येईल एवढ्यात." तू हे म्हणालीस. मी ऐकलं. माझ्या यादीत त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पत्रे बसवायचे होते आणि त्र्यंबकच्या बाजूने ढग चढत होते. आजी काही येईना, काशिनाथ आणि सून वावरात. नवीन सांगाड्याला त्या खांबाची गरज नव्हती. मी म्हणाले, काढून टाका, खोली मोठी होईल, मुलांना झोपायला जागा होईल.

मी म्हणाले. दुसरं कोणी नाही.

पोरांनी करवत लावली. लाकूड आतून चांगलं निघालं, म्हणून मी आणखी डोकं चालवलं. फुकट कशाला घालवायचं, आजीला सरपण होईल. ढलप्या केल्या, भिंतीशी नीट रचून ठेवल्या, आणि त्यातल्याच चार ढलप्या तीन दगडांच्या चुलीत सारून चहा ठेवला. आजी डोक्यावर हंडा घेऊन आली तेव्हा मी हसत पुढे झाले आणि तिच्यापुढे चहाचा कप धरला. ती घरात बघत राहिली. मग चुलीकडे बघत राहिली. हंडा तिने उतरवलाच नाही. पाणी तिच्या खांद्यावरून गळत होतं.

"ती मेढ माझ्या सासऱ्यानी रोवेल व्हती," ती म्हणाली. "घर तिच्यावर हाय. आमचे सगळे मेलेले तिच्यापाशी येतात. तुमी तिचा चहा केला?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त विचारत होती. आपण देव ओळखले ते फळीवरचे, मूर्तीचे, शेंदराचे, कारण आपल्याला लहानपणापासून तेवढेच देव माहीत. नुसत्या लाकडात कोणी असेल हे आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. गावात दुसऱ्या कुणी ती मेढ कापली नसती. ते आपणच करू जाणो.

माणसं जमली. काशिनाथ वावरातून धावत आला. "तुमी आमचे देव बदलाया आले का? मंग तसं सांगायचं व्हतं ना आधी!" तो एवढा मोठ्याने बोलला की आपली पोरं गाडीकडे सरकली. आणि तेवढ्यात तू आलीस, हातात हुकांची पिशवी. तू चूल पाहिलीस, ढलप्या पाहिल्यास, माझ्याकडे पाहिलंस. मी पांढरीफटक पडले असणार. तू पिशवी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "मिस्त्री मी आहे. मेढ मीच काढायला सांगितली. ह्या पोरांना काही माहीत नाही. चूक माझी आहे."

मी तोंड उघडलं नाही. रूथ, मी तोंड उघडू शकले असते. तू बोलून झाल्यावर निदान पाच मिनिटं सगळे उभे होते. मी यादी हातात धरून उभी राहिले.

आपण छप्पर पूर्ण केलं. काशिनाथने ते करू दिलं, कारण पोरं भिजली असती. पण आजी घरात गेली नाही. तिने गोठ्यात, बैलाच्या शेजारी गोणपाट अंथरलं. तू दोन दिवसांनी फोन केलास तेव्हा काशिनाथ म्हणाला, मेढ नाही तर ते घर नाही, पत्र्याची शेड आहे, आई शेडमध्ये राहत नाही. नवीन मेढ रोवली तरी चालणार नाही असंही म्हणाला. ज्याने तोडली त्याने तिला हात लावून, सगळ्यांसमोर सांगायला हवं की मी तोडली, आता मीच उभी करतो. नाहीतर ती घर धरत नाही.

तू हे मला पंचवटीत सांगितलंस, भाजी घेताना. मी मेथीची जुडी निवडत होते. मी म्हणाले, "लाकडाशी बोलायचं? आपण? पाळकसाहेब काय म्हणतील?" तू म्हणालीस, "दर रविवारी पापांगीकार म्हणतेस ना? सगळ्यांबरोबर, एका सुरात, पुस्तकात बघून. एकटीने कधी म्हटलायस?" मी म्हणाले, तो देवासमोर असतो, खांबासमोर नाही. तू म्हणालीस, "आजीसमोर तर म्हणशील?" मी जुडीचे पैसे दिले आणि स्कूटरला किक मारली. मागून तू ओरडलीस, "मी तुझ्यासाठी एकदाच खोटं बोलले, शिबे! पुन्हा नाही बोलणार!" भाजीवाल्या मावशी टकामका बघत होत्या.

मग पाऊस लागला. तो पाऊस मी कसा ऐकला ते मला विचार. रोज शाळेत गेले की मोबाइलवर हरसूलचं हवामान बघायचं. बाहेर रिपरिप सुरू झाली की मला गोठा दिसायचा, चिखल, बैलाचं मूत, कोपऱ्यात ती म्हातारी. मग मी कपाटं आवरायला काढायचे. एकाच महिन्यात मी शाळेतलं दहा वर्षांचं दप्तर लावून टाकलं. मुख्याध्यापिका खूश. प्रत्येक सोमवारी मी ठरवायचे की या रविवारी जायचं आणि शनिवारी मला काहीतरी काम निघायचं. कधी आईचे डोळे तपासायचे, कधी गाण्याचा सराव.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. तुझा आवाज बसला होता. "ताप आलाय थोडा. गोळी घेतलीये. रविवारी जाऊ या, मेढीची सोय करते मी. येणारेस ना?"

"पाळकसाहेबांशी बोलून बघते."

"आजीला विचारायचं होतं तेव्हा थांबली नाहीस. आता जगाला विचारत बस." आणि तू फोन ठेवलास.

मला राग आला. मला वाटलं, हिला काय जातंय, एकटी आहे, मनाला येईल तसं वागते. मी दोन दिवस फोन केला नाही, मुद्दाम. तिसऱ्या दिवशी पपांचा आला. डेंग्यू. प्लेटलेट्स उतरल्या होत्या. मी हॉस्पिटलात आले तेव्हा तू आत होतीस, नळ्या लावलेल्या, काचेतून तुझे फक्त पाय दिसत होते. टाचेवर वेल्डिंगच्या ठिणगीचा डाग. मी त्या डागाकडे बघून मनात काहीतरी बोलत होते, पण तुला ऐकू जाण्यासारखं काही नाही. शुक्रवारी सकाळी तू गेलीस. थोडा ताप म्हणे! तुला स्वतःच्या तब्येतीचं कधीच काही मोजता आलं नाही. मी ह्याबद्दलही रागावलेली आहे, आणि तो राग कुठे ठेवायचा ते मला कोणी सांगत नाही.

दफनाच्या वेळी मी माती टाकली, फुलं टाकली, सगळ्यांना पाणी दिलं, कोणाला रिक्षा हवी कोणाला नको ते पाहिलं. सेक्रेटरीचं काम. मी रडले नाही. लोक म्हणाले, शीबा किती खंबीर आहे.

परवा मंगळवारी पपांनी शेडवर बोलावलं. मला वाटलं, तुझं काही सामान द्यायचं असेल. ते मला मागच्या बाजूला घेऊन गेले. प्लास्टिकखाली एक जुनं सागाचं लाकूड होतं, जाड, वर दोन फांद्यांची बेचकी. त्यावर तुझ्या खडूच्या अक्षरात लिहिलेलं, 'जमिनीत दीड फूट'. पपा म्हणाले, "घोटीला जुनं घर पाडलं, तिथून आणलं तिने. ताप होता अंगात, मी नको म्हटलं. कुणाचं काम आहे हे? गिऱ्हाईकाचं नाव नाही लिहिलं."

माझ्या तोंडून निघालं, "माझं आहे, काका."

त्यांनी विचारलं, "तुझं? तुला कशाला लागतं?" आणि मी त्यांना सगळं सांगितलं. तिथेच, ग्राइंडरच्या आवाजात, ओरडून ओरडून. पहिल्यांदा कुणालातरी सांगितलं ते असं. तुझ्या बापाला, तू गेल्यावर अकराव्या दिवशी. त्यांनी कामगाराला हाक मारली आणि लाकूड पिकअपमध्ये चढवायला सांगितलं.

पाळकसाहेबांकडे मी तरीही गेले. सवय. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. म्हणाले, "लाकडाशी बोलणं मला पटत नाही, शीबा. ते मी तुला खोटं सांगणार नाही. पण माणसाशी बोलायला तुला कुणी अडवलंय? आणि ते तेव्हाच का नाही विचारलंस?" मग म्हणाले, "गाडी मी चालवतो. घाटात तुमच्यापैकी एकालाही नीट चालवता येत नाही."

तर काल आम्ही गेलो. पाळकसाहेब, मी आणि मागे मेढीला धरून संघातली चार पोरं. गाडीत प्रार्थना केली. त्र्यंबकच्या पुढे धुकं होतं, सगळा रस्ता मी मनात वाक्य जुळवत होते. एकूण सात वाक्यं तयार केली. त्यात वादळाचा उल्लेख होता, ढगांचा होता, गैरसमजाचा होता.

भागीआजी गोठ्याच्या तोंडाशी बसली होती, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पायांशी चिखल. गाडी थांबली, मी उतरले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आलीस?" ती म्हणाली. "लय येळ लावला."

मला काही कळेना. मी म्हणाले, "आजी, मी..."

"तू ती शाळावाली. मला ठाव हाय. ती येऊन सांगून गेलती. एकलीच आलती, मोटारसायकलीवर. म्हणे, आजी, मी खोटं बोलले त्या दिशी, मेढ मी नाय तोडली, माझ्या मैतरणीनं सांगितली व्हती. ती भ्याली हाय. पन येल. म्हणलं, कवा? म्हणे, येल, तू वाट बघ."

काशिनाथ मागे येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "आमी सांगितलं आईला, घरात चल, नंतर बघू. नाय म्हणे. ती पोर बोलली हाय तर ती येल. बसून राह्यली."

रूथ, खरं सांगू? आधी मला तुझा प्रचंड राग आला. माझं नाव सांगून गेलीस! मला न विचारता! तू मला वाचवलंस असं समजून मी महिनाभर मनात तुझे उपकार मोजत होते, आणि तू केव्हाच जाऊन सगळं खरं सांगून आली होतीस. आणि तापाच्या अंगाने मेढ शोधत होतीस, मी येणारच आहे असं धरून. मी तर स्वतःला एवढं धरलं नव्हतं. म्हातारी पावसात माझ्यामुळे बसली होती हे मला माहीत होतं. ती तुझ्या शब्दावर बसली होती हे मला माहीत नव्हतं.

पोरांनी खड्डा केला. दीड फूट, तुझ्या मापाने. आजी घराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आत आली नाही. मेढ उभी केली तर बेचकी तुझ्या वरच्या पाइपला बरोब्बर लागली, बोटभरही फरक नाही. काशिनाथने मला पुढे व्हायला सांगितलं. पाळकसाहेब दाराशी होते. ते बाहेर जातील असं मला वाटलं होतं. गेले नाहीत. त्यांनी फक्त चपला काढल्या.

माझी सात वाक्यं कुठे गेली ते देव जाणे. मी मेढीवर हात ठेवला. लाकूड ओलं आणि गार होतं. मी लाकडाकडे पाहिलं नाही, आजीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मी शीबा. मेढ मी तोडायला सांगितली. रूथने विचारायला सांगितलं होतं, मी विचारलं नाही. ती माझ्यासाठी खोटं बोलली तेव्हा मी गप्प बसले. आता मीच उभी करते." एवढंच. मग मी खाली बसून खड्ड्यात माती लोटली आणि पोरांनी दगड घालून ती ठोकली. पाळकसाहेबही वाकले आणि दोन दगड त्यांनी घातले.

आजी आत आली. मेढीला एकदा हलवून पाहिलं, तू हलवून पाहायचीस तसंच, खांदा लावून. मान हलवली. आपण कापलेल्या ढलप्यांपैकी उरलेल्या तिने जाळल्या नव्हत्या, एक तुकडा तिने पदरातून काढला आणि नव्या मेढीच्या बुडाशी मातीत दाबला. सुनेला म्हणाली, जा, गोठ्यातनं इस्तव आन, घरात चूल पेटवू. सून गेली. सगळे एकदम मोकळे झाल्यासारखे बोलायला लागले. काशिनाथने पोरांना पाणी दिलं.

मग आजी माझ्याकडे वळली. "आन् ती का नाय आली? तिला म्हणावं, मेढ बघाया तरी ये."

तू गेल्यापासून ते दोन शब्द मी एकदाही उच्चारले नव्हते. लोक म्हणायचे, मी मान हलवायचे. फोन आला की आईकडे द्यायचे. आजी माझ्या तोंडाकडे बघत होती आणि दुसरं कोणी उत्तर देईना.

"रूथ गेली, आजी," मी म्हणाले. "तापाने. आज बारा दिवस झाले."

सून पाटीत विस्तव घेऊन दारात आली होती. आजीने न वळता हात आडवा धरला. "ठेव भायेर. आज चूल नाय पेटवायची."

सून म्हणाली, "अवं, पर घरात जायाचा दिस..."

"घरातलं मानूस गेलं हाय," आजी म्हणाली. "ठेव म्हणले ना."

ती मेढीला पाठ लावून खाली बसली, पदर डोक्यावरून पुढे ओढला. काशिनाथ बसला. सून बसली. आपली पोरं भिंतीशी बसली. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. थोड्या वेळाने छपरातून धूर का दिसत नाही म्हणून शेजारीण दारात डोकावली. तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या.

"चूल का नाय पेटवली वं? कोन गेलं?"

"आमची पोर गेली," आजी म्हणाली, आणि माझ्यासाठी जागा करायला थोडी सरकली.